चार पाती आणि एक बी.कॉम.

रिसोडच्या बाजारात विजेच्या कुठल्याही दुकानात जा आणि 'पातं द्या' म्हणा. दुकानदार एवढंच विचारील, "कुलरचं का पंख्याचं?" मी "ड्रोनचं" म्हणालो. मे महिन्यात स्वेटर मागणाऱ्याकडं पाहावं तसं त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "साहेब, कुलरचं घेऊन जा न. लोखंडी हाय. पोट्ट्याच्या पोट्ट्याले पुरन."

वास्तविक ड्रोनचा आणि माझा संबंध कागदापुरता. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. महिला बचत गटांना फवारणीसाठी १५,००० ड्रोन, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख अनुदान. आम्हा बँकवाल्यांना त्यातलं अनुदान कळतं, ड्रोन कळत नाही. आमच्या चिरंजीवांचं नेमकं उलट. सोयाबीनवर फवारणी करणारं ते यंत्र त्यांनी एकदा बांधावरून पाहिलं, आणि दहावीचा पेपर संपताच साठवलेल्या पैशांतून सांगाडा, चार मोटारी नि बॅटरी घरात आली. त्याच सुमारास मी त्यांना कॉमर्स घ्यायचा आणि पुढं बँकेच्या परीक्षा द्यायचा सल्ला दिला. तेव्हापासून ते माझ्याशी फक्त 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलत. त्यातलं 'हो' दुर्मिळ.

असे तीन आठवडे गेले. चिरंजीवांचा जन्म २००९ चा. 'थ्री इडियट्स' त्याच वर्षीचा. त्यातलं खिडकीशी उडत जाणारं यंत्र मुंबईच्या आयडियाफोर्ज कंपनीनं बनवलेलं होतं म्हणे. मला एका रात्री आठवलं ते मात्र यंत्र नव्हे. सिनेमातल्या त्या यंत्रवाल्या पोराचं पुढं काय होतं, ते आठवलं. अडीच वाजता उठून मी खोलीचं दार ढकललं. चिरंजीव पांघरूण लाथाडून व्यवस्थित घोरत होते. सकाळी मी म्हणालो, "काय राहिलंय तुझ्या त्या ड्रोनचं?"

"पाती. पैसे संपले."

"मी घेतो."

"दहा पंचेचाळीस घ्या, बाबा."

मला वाटलं, पावणेअकराला घ्यायची. तर तो पात्याचा नंबर निघाला! टोकापासून टोकापर्यंत लांबी १० इंच, आणि साडेचार इंच पीच. म्हणजे हवा लाकडासारखी घट्ट असती तर एका फेऱ्यात पातं स्क्रूसारखं साडेचार इंच पुढं सरकलं असतं. पीच वाढवलं की वेग वाढतो, पण बॅटरीही भराभर संपते. मोटार ९२० केव्हीची, हे ऐकून माझ्या डोळ्यांपुढं महावितरणचे मनोरे उभे राहिले. पण तसं काही नाही. एका व्होल्टला मिनिटात ९२० फेरे, एवढाच अर्थ. बॅटरी ११.१ व्होल्टची, म्हणजे मोकळ्या मोटारीचे दहा हजारांवर फेरे. इतकं आम्हांला तोंडी येतं.

बाजारात मिळेनात, तेव्हा मोबाइलवर शोधली. तिथं थोड्याच फरकात बारा इंची दिसली. दहाच्या भावात बारा मिळत असताना दहा घेईल तो मध्यमवर्गीय कसला? पण चिरंजीवांनी कागद पुढं केला. सांगाडा कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ४५० मिलिमीटर, म्हणजे शेजारच्या दोन मोटारींत साधारण साडेबारा इंच. बारा इंची पाती लावली तर दोन शेजाऱ्यांत अर्धा इंच उरतो. शिवाय जड पातं ओढताना मोटार तापते ती वेगळीच. शेजाऱ्याशी अर्ध्या इंचाचं अंतर ठेवून भांडण होत नाही, असं मला तरी आठवत नाही. दहावर शिक्कामोर्तब झालं.

मागवताना मात्र मी माझं डोकं वापरलं. पाती दोन जातींची होती, उजवी आणि डावी. वीस वर्षं स्टेशनरीची मागणीपत्रं भरलेला माणूस मी. एका पत्रात दोन जाती लिहिल्या की वरून हमखास शंका येते. चारही उजवी मागवली. एकसारखी.

पार्सल उघडलं आणि चिरंजीव तीन आठवड्यांत प्रथमच हसले. फार हसले. मग म्हणाले, "बाबा, दोन मोटारी उजव्या फिरतात, दोन डाव्या. ही लावली तर दोन पाती वर उचलतील आणि दोन खाली दाबतील."

"मग सगळ्या मोटारी एकीकडंच फिरव की."

"फिरवता येतील. तीन वायरींतल्या कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की मोटार उलटी फिरते. पण चारही एकीकडं फिरल्या तर ड्रोनच भोवऱ्यासारखं उलटं गरगरेल. दोन्हीकडचं सारखं पाहिजे."

मी खुर्चीतून उठलोच. "अरे, ही तर द्विनोंदी पद्धत! प्रत्येक नावेला जमा!"

"म्हणजे?"

आता हे त्यानं मला विचारलं होतं, आपण होऊन. मग काय, नावे-जमा, तेरीज, ताळेबंद! चहा दोनदा झाला. त्यानं सगळं ऐकलं, आणि कॉमर्स घेणार नाही म्हणाला. पण हे पूर्ण वाक्य होतं.

डावी पाती आली तेव्हा प्रत्येक पातं मधल्या भोकातून तार ओवून तोलायचं काम माझ्याकडं आलं. जी बाजू खाली जाईल ती जड. हलक्या बाजूला सेलोटेपचा तुकडा. तोल नसला तर यंत्र थरथरतं. रात्री अकरापर्यंत मी चारही पाती जुळवली. बँकेत आठ आण्यांच्या फरकासाठी मी याहून जास्त वेळ बसलेलो आहे.

रविवारी घरामागच्या मोकळ्या जागेत ते उडालं. पुरुषभर उंच गेलं, थांबलं, आणि खाली उतरलं. मी टाळ्या वाजवल्या. सौ. मागच्या दारात उभी होती. म्हणाली, "छान आहे. आता जरा वर जाऊन टाकी भरली का, ते बघून येईल का?"

"त्याला कॅमेरा नाही, आई."

"मग तुम्ही जा," असं ती मला म्हणाली.