थोरला : अळणी रस्सा

कोल्हापुरात मटणाच्या एका पातेल्यातून तीन भाऊ निघतात. धाकट्या दोघांची नावं साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहेत : तांबडा आणि पांढरा. थोरला अळणी, म्हणजे बिनमिठाचा नव्हे, तिखट-मसाला न पडलेला. खानावळीच्या पाटीवर तो क्वचितच दिसतो, पण तो नसता तर दोघे धाकटे जन्माला आले नसते.

त्याचा जन्म सावकाश होतो. पातेल्यात तेलावर कांदा परततात, त्यावर आलं-लसणाचं वाटण, हळद, मीठ आणि मटण. नळी, चाप, मांडी असं मिसळीचं मटण असलं की बरं, कारण हाडाशिवाय अळणीला अंग येत नाही. पातेल्यावर ताटली झाकून तिच्यात पाणी ठेवतात. ते कढत झालं की तेच मटणात ओतायचं, ताटलीत पुन्हा नवं पाणी. गार पाणी एकदम घालायचं नाही, हा इथल्या स्वयंपाकघरातला कायदा. तुकडा शिजला की वरचा रस्सा वेगळा काढतात. त्यातल्या काही भागात नारळाचं दूध आणि तीळ-खसखशीचं वाटण पडलं की पांढरा, उरलेल्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि घरची चटणी पडली की तांबडा. हे सगळं व्हायच्या आधी कुणीतरी एक-दोन वाट्या बाजूला झाकून ठेवलेल्या असतात. त्या अळणीच्या स्वतःच्या.

त्या वाट्यांचे मालक ठरलेले. नुकतंच भात खायला लागलेलं पोर, बाळंतीण, दात गेलेले आजोबा, आणि ज्याचं नाक गळतंय तो. कोल्हापुरात आषाढ लागला की पाऊस, मटण आणि पडसं एकाच वेळी जमून येतात. गगनबावडा-राधानगरीकडं पाऊस झोडपत असतो, पंचगंगेला नवं पाणी येतं, आणि मंगळवारी-शुक्रवारी गल्लीगल्लीतून ते पाणी पी-ढबाक वाद्यांच्या तालात टेंबलाईच्या टेकडीवर, त्र्यंबोली देवीच्या पायरीवर ओतायला नेतात. त्या दिवशी घरोघरी मटण. आणि त्याच दिवसांत घरोघरी पडसं. मग पाटावर बसल्या बसल्या नाक ओढणाऱ्या नातवाला आजी म्हणते, "नाक गळतंय न्हवं तुझं? बस हितं. अळणी काढून आणतो तुला." इथल्या कितीतरी बायका 'आणतो'च म्हणतात. त्या एका 'आणतो'त जो ठामपणा आहे, तो मला औषधाच्या कुठल्याच चिठ्ठीत सापडलेला नाही.

अळणी ज्याच्यासाठी उठून येतो, त्या पडशाची ओळख मात्र आपण फार कमी करून घेतो. सर्दी हा एक रोग नव्हे. ती आणणारे विषाणू दोनशेहून जास्त, त्यात सगळ्यात मोठं घराणं ऱ्हायनोव्हायरसचं. एकाशी शरीरानं लढाई जिंकली तरी पुढच्या खेपेला दुसराच दारात उभा, म्हणून सर्दी आयुष्यभर सुटत नाही. पावसात भिजणं हे तिचं मूळ नव्हे. पावसात आपण दारं-खिडक्या लावून एका खोलीत बसतो, एकाच टॉवेलला हात पुसतो, तोच हात नाकाला लावतो, आणि विषाणू या अंगावरून त्या अंगावर जातो. जुनी माणसं गारठ्याला दोष देतात, तेही अगदी निराधार नाही : नाकाच्या आतलं तापमान शरीराहून कमी, तेहतीस-चौतीस अंशांच्या आसपास असतं, आणि ऱ्हायनोव्हायरस तिथंच चांगला वाढतो. पण विषाणूच नसेल तर नुसत्या भिजण्यानं पडसं होत नाही.

दुसरी गोष्ट तर प्रत्येक आईला सांगायला हवी. नाक वाहणं, चोंदणं, शिंका, घसा खवखवणं यातलं बरंचसं आपल्याच शरीराचं काम आहे, विषाणूला बाहेर काढण्यासाठी चाललेलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त होतो आणि मग उतरत जातो. पाण्यासारखा शेंबूड नंतर घट्ट, पिवळा-हिरवा होतो तो लढलेल्या पांढऱ्या पेशींमुळे. रंग बदलला म्हणजे अँटिबायोटिक हवं असा समज घट्ट रुजलेला आहे. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, सर्दीच्या विषाणूवर त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि फुकट घेतलेली प्रत्येक गोळी पुढच्या खऱ्या दुखण्यात आपलाच हात आखडते.

अळणी यातलं काय करतो? विषाणू मारत नाही. तसा दावाही त्यानं कधी केलेला नाही, आणि त्याचा हाच गुण मला सर्वांत मोठा वाटतो. तो पाणी देतो, मीठ देतो, जिभेला चव नसताना पोटात चार घोट जाऊ देतो. जगात इतरत्र त्याचे भाऊबंद आहेत. कोंबडीच्या गरम सूपची परीक्षा 1978 मध्ये अमेरिकेत मायामी बीचच्या डॉक्टरांनी घेतली. पंधरा निरोगी माणसांना गार पाणी, गरम पाणी आणि सूप देऊन नाकातला शेंबूड किती वेगानं सरकतो ते मोजलं. गरम पाण्यानं वेग वाढला, सूपनं त्याहून जास्त, पण अर्ध्या तासात दोन्ही वेग पूर्वपदावर. 2000 साली नेब्रास्काच्या स्टीफन रेनार्ड या डॉक्टरांनी बायकोच्या आजीच्या पाककृतीचं सूप प्रयोगशाळेत तपासलं. दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींची धावपळ त्यानं मंदावलेली दिसली. हे परीक्षानळीतलं निरीक्षण, रोग्यावरचं नव्हे. मला तिसरा प्रयोग जवळचा वाटतो, वेल्समधल्या कार्डिफचा, 2008 मधला. सर्दी झालेल्यांना फळांचं गरम पेय दिलं. यंत्रानं मोजलं तर नाकातून जाणारी हवा वाढलेली नव्हती, पण शिंका, खोकला, घशाची खवखव, अंगातली कणकण, थकवा यांत आराम पडल्याचं माणसांनी सांगितलं. अळणीची वाटी दोन हातांत धरून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर हेच दिसतं. त्याला यंत्राची साक्ष नसली तरी तो आराम खरा आहे.

तांबड्याचा स्वभाव वेगळा. "तांबडा ओरप, सर्दी पळाली बघ" हे कोल्हापुरात सगळेच सांगतात. भुरका मारला की डोळ्यांतून, नाकातून पाणी येतं, मोकळं वाटतं. ती मिरचीची करामत, आणि ती घटकाभराची. घसा सोललेला असेल तर तोच तांबडा रात्रभर जागवतो. मोठ्या माणसानं हौसेनं प्यावा, लहान पोरावर लादू नये.

पोरांच्या बाबतीत थोरल्याइतकाच संयम आपणही धरायला हवा. टॉवेल डोक्यावर घेऊन उकळत्या पाण्याची वाफ देताना भांडं कलंडतं आणि मुलं भाजतात. त्या वाफेचा ठोस फायदा अभ्यासांतून सिद्ध झालेला नाही, तेव्हा लहानांना ती नकोच. नाक चोंदलेल्या तान्ह्याला मिठाच्या पाण्याचे, सलाइनचे थेंब पुरतात. मध रात्रीच्या खोकल्याला चांगला, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच नाही. आणि सर्दीची बाटली दुकानातून परस्पर आणायची नाही. डिसेंबर 2023 मध्ये देशाच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिन ही जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये अशी सूचना वेष्टनावर छापायला लावली. 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला विषारी डायएथिलीन ग्लायकोल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधानं कोवळी पोरं गेली. आपोआप बरं होणाऱ्या दुखण्यासाठी कुणाचं लेकरू जावं, हे मला सहन होत नाही.

अळणीलाही मर्यादा आहेत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको. ब्लडप्रेशर असलेल्या आजोबांच्या वाटीत मीठ बेतानंच हवं. सोमवारी, गुरुवारी, पुढं श्रावणभर पुष्कळ घरांत मटणाचं पातेलं चुलीवर येत नाही, आणि कोल्हापुरातल्या बहुतेक जैन, लिंगायत घरांत तर ते कधीच येत नाही. सर्दी मात्र तिथंही येते. तिथं अळणीची जागा हुलग्याचं माडगं घेतं : हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, वर आपला कोल्हापुरी गूळ, थोडी सुंठ. गरम, पातळ, पोटाला हलकं. काम तेच, आणि मानही तेवढाच.

काही वेळा वाटी खाली ठेवून उठावं लागतं. बाळ भरभर श्वास घेतंय, छाती आत ओढली जातेय, दूध ओढत नाही, ताप तीन दिवसांत उतरत नाही किंवा उतरून पुन्हा चढतो, कान ठणकतो, दम्याच्या, मधुमेहाच्या माणसाला धाप लागते. अशा वेळी गल्लीतला डॉक्टर असो की सीपीआरचं सरकारी इस्पितळ, लगेच गाठायचं. ही पडशाची हद्द नव्हे, आणि अळणीचीही नव्हे.

एरवी सात-आठ दिवसांचा मामला. खोकला मागं आणखी आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो, त्याला भ्यायचं नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी जिभेला चव येते, पोरगं भाकरीचा तुकडा मोडतं आणि वाटीत डोकावून विचारतं, "आज्जी, तांबडा न्हाई व्हय?"

"हाय की. पर अर्धीच वाटी घालतो आज."