नामपल्ली : रूळ संपतात तिथे

आपल्या भागातल्या माणसाला हैदराबाद म्हणजे आधी नामपल्ली. सोलापूर, कलबुर्गी, वाडी, तांडूर, विकाराबाद मागे टाकत गाडी येते आणि इथे रूळच संपतात. १९०७ साली निजामाच्या राजवटीत उभे राहिलेले हे टोकाचे स्टेशन. आलेली गाडी पुढे जात नाही, आल्या वाटेने परत फिरते. बाहेर पडले की तेलुगू, दखनी, मराठी, कन्नड एकदमच कानावर येतात. जवळच युसुफैन दर्गा, पब्लिक गार्डन आणि विधानसभा. कुतुबशाहीतील नेकनाम खान या सरदारावरून या वस्तीला नाव पडले असे सांगतात. नेकनाम म्हणजे ज्याचे नाव चांगले आहे तो.

नामपल्लीची खरी ओळख मात्र नुमाइश. १९३८ साली पब्लिक गार्डनमध्ये ती प्रथम भरली, १९४६ पासून सध्याच्या मैदानावर भरते. १ जानेवारीपासून सुमारे दीड महिना काश्मिरी शालींपासून लोणच्यापर्यंत सगळे मिळते. तिचे मूळ नाव 'नुमाइश-ए-मस्नुआत-ए-मुल्की', म्हणजे आपल्या मुलखात बनलेल्या मालाचे प्रदर्शन.

याच शहरात बनणारी एक 'मुल्की' वस्तू मात्र कुठल्याच स्टॉलवर विकायला येत नाही. शहराच्या दक्षिण-पूर्वेला कंचनबाग परिसरात संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळा आहेत. १९८२ मध्ये अब्दुल कलाम तिथे संचालक म्हणून आले, १९८३ मध्ये क्षेपणास्त्र विकासाचा एकात्मिक कार्यक्रम मंजूर झाला आणि २२ मे १९८९ रोजी पहिले 'अग्नी' ओडिशाच्या किनाऱ्यावरून उडाले. कारगिलच्या लढाईनंतर कमी पल्ल्याचे अग्नी हवे झाले. सुमारे ७०० किलोमीटर पल्ल्याच्या त्या 'अग्नी-१' ची चाचणी २५ जानेवारी २००२ रोजी झाली. तेव्हा संस्थेचे प्रमुख होते डॉ. वासुदेव आत्रे. आडनाव ऐकून आपल्याला आचार्य अत्रे आठवावेत, पण हे बेंगळुरूचे कन्नडिग! आपल्याकडच्या घरांना ही गंमत नवी नाही.

आता अग्नी-१ जुने झाले. घन इंधनाचे क्षेपणास्त्र वरून ठणठणीत दिसले तरी वर्षे लोटतात तसे आतले इंधन कडक होते, त्याला चिरा जाऊ शकतात, रबरी भाग वठतात. त्याची जागा 'अग्नी-प्राइम' घेईल असे अभ्यासक सांगतात. २८ जून २०२१ रोजी त्याची पहिली चाचणी झाली. दोन टप्पे, पल्ला १,००० ते २,००० किलोमीटर, आणि अस्त्र कायम बंद नळकांड्यात. त्यामुळे ते हवेपासून जपले जाते, सहज हलवता येते आणि थोड्या वेळात डागता येते.

सप्टेंबर २०२५ मध्ये हेच अस्त्र रेल्वेवरच्या फिरत्या यंत्रणेतून डागले गेले. आमच्या नात्यातले एक काका रेल्वेत गार्ड होते, आता नामपल्लीजवळ राहतात. नुमाइशीला गेलो असता त्यांनीच विषय काढला. "आयुष्यभर गाड्यांना झेंडी दाखवली. आता शेजारच्या रुळावरच्या डब्यात काय आहे कोणास ठाऊक. शत्रूने उद्या सगळ्याच गाड्यांवर संशय घेतला तर?"

मी त्यांना भारताचे धोरण सांगितले. ४ जानेवारी २००३ रोजी सरकारने जाहीर केले की अण्वस्त्र आपण आधी वापरणार नाही, पण हल्ला झाला तर प्रत्युत्तर देऊ. ज्याला आधी वार करायचा नाही, त्याचे अस्त्र पहिला वार सोसून उरले पाहिजे. अमेरिकेने १९७० पासून मिनिटमन-३ जमिनीतल्या पक्क्या विहिरींत ठेवले. ते बदलून सेंटिनेल आणण्याचा खर्च २०२४ मध्ये सुमारे १४१ अब्ज डॉलरवर गेला. अशा विहिरींचा ठावठिकाणा सगळ्यांना ठाऊक असतो. हलत्या गाडीचा ठाव लागत नाही. सोव्हिएत संघाने १९८७ पासून अशा गाड्या चालवल्या, पुढे रशियाने त्या मोडीत काढल्या.

काकांना हे पटले, पण त्यांचा प्रश्न उरलाच. जे अस्त्र लपण्यासाठी प्रवाशांच्या रुळांवर फिरते, ते प्रवाशांनाही थोडे धोक्यात ओढते. संरक्षणाची ही किंमत आहे, आणि ती मोजताना उघड बोलायला हरकत नसावी. काकूंनी चहा ठेवता ठेवता निकाल दिला, "अदु उपयोगक्के बरदे इद्रे साकु." ते वापरायची वेळ आली नाही म्हणजे झाले.

नामपल्लीला उतरलात तर पब्लिक गार्डनमधले पुरातत्त्व संग्रहालय जरूर पाहा. तिथे जुनी शस्त्रे काचेआड ठेवली आहेत. त्यातली किती रक्तात न्हाली असतील, देव जाणे. अग्नी-१ ही एक दिवस निवृत्त होईल. एकदाही युद्धात न सुटता ते काचेआड गेले, तर त्यालाही नेकनाम म्हणायला हवे.