रूथचा सरवा

चर्चमध्ये लग्न असलं की संदेशात हमखास नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायातली सद्गुणी स्त्री येते. सगळे नातेवाईक नव्या नवरीकडे बघून माना डोलावतात. जणू सद्गुणी म्हणजे पहाटे उठणारी, कमी बोलणारी आणि सासूचं ऐकणारी! सासूचं ऐकण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण शास्त्रात एवढंच लिहिलंय का?

रूथचं पुस्तक मला आपल्या वाशीमच्या मातीतलं वाटतं, ते एका शब्दामुळे. मराठी बायबलमध्ये रूथ शेतात सरवा वेचते. सरवा म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सोयाबीन निघालं की मागे राहिलेल्या शेंगा वेचायला बायका रानात उतरतात. ऑक्टोबरचं ऊन, दिवसभर वाकलेली कंबर, आणि वर शेतमालक काय म्हणेल ही धास्ती.

रूथ तर परकी होती, मवाबी. नवरा गेलेला. घरात सासू नामी, तीही विधवा. नामीने तिला परत जायला सांगितलं होतं, आणि इथे रूथने सासूचं ऐकलं नाही! ती सोबत बेथलेहेमला आली आणि कुणाकडे हात न पसरता सरवा वेचायला गेली. शेताचे कोपरे कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं, असं मोशेच्या नियमशास्त्रातच होतं. म्हणजे सरवा ही भीक नव्हती, हक्क होता. दुपारी बवाजने तिला भाजलेलं धान्य दिलं, आपल्या हुरड्यासारखं. पोट भरल्यावर उरलेलं तिने सासूसाठी राखून ठेवलं. मला ही एवढीशी गोष्ट फार मोठी वाटते.

पुढे बवाज तिला म्हणतो की तू सद्गुणी आहेस हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मूळ हिब्रूत इथे 'खयिल' हा शब्द आहे. त्याचा अर्थ बळ, पराक्रम. सैन्यालाही तोच शब्द येतो. नीतिसूत्रांतली ती स्त्रीसुद्धा 'खयिल'चीच. गंमत म्हणजे बवाजची ओळख करून देतानाही हाच शब्द आलाय, पण पुष्कळ भाषांतरांत तो तिथे 'धनवान' होतो. पुरुषाला धन, बाईला सद्गुण! मूळात दोघांना एकच माप आहे.

निर्गमच्या पहिल्या अध्यायातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणी आठवा. इब्र्यांचे मुलगे जन्मताच मारा, असा फारोचा हुकूम. त्यांनी देवाचं भय धरलं आणि हुकूम मोडला. शास्त्राने फारोचं नाव लिहिलेलं नाही, या दोघींची नावं मात्र जपून ठेवलीत.

असं बळ आपल्या गावानेही पाहिलंय. डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ साली अमेरिकेहून भारतात आल्या आणि चर्च ऑफ द नाझरीनच्या मिशनतर्फे त्यांनी वाशीमला रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभं केलं. त्या काळात एका बाईने घरदार सोडून इतक्या दूर यायचं आणि आडगावातल्या आयाबायांसाठी दवाखाना काढायचा... हे नुसत्या गोड स्वभावाने होत नाही.

म्हणून पुढच्या लग्नात सद्गुणी स्त्रीचा संदेश ऐकाल, तेव्हा नवरीसोबत नवऱ्याकडेही बघा. देवभीरूपणा म्हणजे गप्प बसणं नव्हे. कधी तो सरवा वेचायला जातो, कधी राजाला नाही म्हणतो, आणि कधी आपल्या पानातलं मूठभर घरच्या म्हातारीसाठी बांधून नेतो.

असो. तुमच्या घराण्यातली अशी 'खयिल'ची बाई कोण? मला जरूर सांगा.