फॉरमॅट मारायच्या आधी थांबा

आज एक चूक कबूल करायची आहे. माझीच.

आमच्या नदीकाठच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यात विंडोज आणि उबुंटू, दोन्ही. विंडोजवर वर्गणीच्या पावत्या निघतात. उबुंटूच्या बाजूला वाचनालयाच्या जुन्या दाखल नोंदवह्या, सभांची इतिवृत्तं, देणगीदारांच्या याद्या, असं सगळं स्कॅन करून ठेवलेलं. कॉलेजच्या पोरांनी एका उन्हाळी सुट्टीत बसून केलेलं काम. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी तळमजल्यात शिरलं आणि मूळ वह्यांचा लगदा झाला. कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. म्हणजे आता वाचनालयाचा इतिहास फक्त त्या एका डिस्कवर.

गेल्या महिन्यात सी ड्राइव्ह भरला. पावती निघेना. ग्रंथपालकाका म्हणाले, "तुला जमतंय ना, बघ जरा." मी बसलो. डिस्क मॅनेजमेंट उघडलं, तर २०० जीबीचा एक तुकडा दिसला, ना नाव ना अक्षर. वाटलं, रिकामाच असणार. डिलीट केला. विंडोजने चक्क विचारलं होतं की हे पार्टिशन मी बनवलेलं नाही, यात दुसऱ्या सिस्टिमचा डेटा असू शकतो, उडवू का? मी न वाचता यस दाबलं.

रीस्टार्ट केला. काळा पडदा. 'नो सच पार्टिशन', खाली 'ग्रब रेस्क्यू' आणि लुकलुकणारा कर्सर. विंडोजही नाही, उबुंटूही नाही.

दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "घेऊन या, फॉरमॅट मारून अर्ध्या तासात नवीन विंडोज टाकतो." खरं सांगतो, मोह झाला. मशीन चालू झालं असतं, माझी अब्रूही राहिली असती. पण काकांनी शेजारून विचारलं, "अरे, वह्या आहेत ना आत?" माझ्या तोंडून शब्द फुटेना.

मग घरी येऊन शांत डोक्याने वाचलं. पार्टिशन उडवलं म्हणजे डेटा पुसला जातोच असं नाही. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये एक छोटा तक्ता असतो. चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटची. कुठला तुकडा कुठून सुरू होतो आणि केवढा आहे, एवढंच त्यात लिहिलेलं. मी पुसली ती त्यातली एक नोंद. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा फाटला, जमीन जागेवरच आहे. मात्र त्या जमिनीवर दुसऱ्याने बांधकाम काढलं की संपलं. म्हणून पहिला नियम: त्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. फॉरमॅट नाही, नवीन विंडोज तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू चालू केलं. मित्राची एक्स्टर्नल डिस्क मागून आणली आणि डीडीरेस्क्यूने आख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढली. पाच तास गेले. काका दोनदा चहा घेऊन आले, काही बोलले नाहीत.

मग टेस्टडिस्क. फुकट मिळणारा, मुक्त सॉफ्टवेअरचा प्रोग्राम. अ‍ॅनलाइझ, मग क्विक सर्च. काही मिनिटांत हरवलेलं लिनक्स पार्टिशन यादीत आलं. 'पी' दाबल्यावर आतले फोल्डर दिसले. 'दाखल नोंदवही' हे नाव वाचलं आणि मी खुर्चीत मागे टेकलो. तक्त्यात नोंद परत लिहिली, ग्रब नव्याने बसवलं, मशीन सुरू झालं.

नशीब म्हणा. साधी हार्ड डिस्क होती. एसएसडी असती तर मोकळी झालेली जागा ती स्वतःच आतून साफ करून टाकू शकते, मग टेस्टडिस्कला सापडायला काही उरत नाही.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे 'डिजिटल केलं' म्हटलं की सगळे निश्चिंत होतात. पतसंस्था, शाळा, वाचनालय, गणेश मंडळ, कुठेही जा. एक मशीन, आणि त्यातलं कळणारा गावातला एक पोरगा. आमच्याकडे तो पोरगा मी होतो आणि मीच घाण केली. पुराने कागद नेले, उरलेलं मी एका क्लिकमध्ये घालवलं असतं. स्कॅन केलं म्हणजे जपलं नव्हे. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत असेल, तेव्हाच जपलं म्हणायचं.

आता आमच्या वह्यांच्या तीन प्रती आहेत. एक वाचनालयात, एक अध्यक्षांच्या घरी, एक ऑनलाइन. कार्यकारिणीच्या सभेत मी चूक सांगितली, ती इतिवृत्तात लिहिली गेली. तेही स्कॅन झालंय.

तुम्ही ज्या संस्थेत आहात तिथे उद्या एवढंच विचारा: "आपली दुसरी प्रत कुठे आहे?" उत्तराला वेळ लागला, तर समजून जा.