कावळ्याचं घर

गोष्टीच्या शेवटी चिमणीनं दार उघडावं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. उघडावं असं वाटतं. मुलांच्या हातात द्यायच्या पुस्तकात बंद दार छापायचं तरी कशासाठी? पण दार उघडलं की गोष्टीतली धग जाते, आणि धग गेलेली गोष्ट मुलं दुसऱ्यांदा मागत नाहीत. पुस्तक एका लहान प्रकाशकाचं आहे. हजार प्रती निघतील. शेवटची दोन पानं सोडून सगळी चित्रं झाली आहेत, आणि मनातून जात नाहीत ती नेमकी न झालेली दोन पानं.

चिऊ-काऊची गोष्ट मराठी घरात कुणी मुद्दाम शिकवत नाही. घास भरवता भरवता ती मुलाच्या अंगी लागते. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. पाऊस येतो, शेणाचं वाहून जातं, मेणाचं राहतं. कावळा भिजत दाराशी येतो, हाका मारतो. चिमणी आतून सांगत राहते की बाळाला न्हाऊ घालतेय, तीट लावतेय, जेवू घालतेय, निजवतेय. पुढचं घराघरांत वेगळं. कुठे अखेरीस दार उघडतं, कावळ्याला चुलीपाशी बसायला सांगतात आणि त्याचं शेपूट भाजतं. कुठे तो आत येऊन पिलंच खातो, म्हणजे चिमणीनं दार लावून घेतलं होतं ते बरोबरच, असं ठरतं. आणि कुठे घास संपतो तिथे गोष्ट संपते. कावळा बाहेरच.

राजाराणी, श्याम, फास्टर फेणे हे सगळे नंतर येतात. त्यांच्या कितीतरी आधी आपल्याला कळलेलं असतं की घरं दोन प्रकारची असतात. गोष्ट सांगणारी आई आपल्याला मांडीवर घेऊन आतल्या बाजूला बसलेली असते. पाऊस बाहेर, कावळा बाहेर, आपण आत. ते ऐकताना वाटणारी ऊब खरी असते, ती मी नाकारत नाही. पण त्या उबेसाठी कुणीतरी बाहेर भिजत असावं लागतं का?

आणखी एक गोष्ट सतावते. ज्या घरांतून ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, त्यांतली बहुतेक घरं शेणानंच सारवलेली होती. मेणाच्या घरात कुणीच राहत नव्हतं. माझं आजोळ तळकोकणातलं. ओटी, माजघर, पडवी, सगळी जमीन शेणाची. मामी ताजं शेण पाण्यात कालवायची, काळपट रंग यावा म्हणून त्यात कोळशाची पूड घालायची आणि उकिडवी बसून मागे मागे सरकत सारवायची. तिच्या पंजाचे अर्धगोल एकाला लागून एक, थेट उंबऱ्यापर्यंत. जमीन वाळली तरी ते दिसत राहायचे. दुपारी त्यावर पालथं पडलं की पोटाला गार लागायचं आणि नाकाला किंचित हिरवा, गवताचा वास यायचा. तो वास मला अजून आवडतो. त्याच जमिनीवर बसून मामी आम्हाला सांगायची की कावळ्याचं घर शेणाचं होतं म्हणून वाहून गेलं. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

शेणामातीचं घर असं वाहूनही जात नाही. पावसाच्या आधी मातीच्या भिंतींना बाहेरून झापं बांधतात, माडाच्या झावळ्यांची विणलेली, म्हणजे झड आत येत नाही. झापं बांधलेली भिंत चार महिने निभावते. कावळ्याकडे झापं नव्हती, धड वळचणही नसावी. घर पडलं ते त्यामुळे. आणि मेणाच्या घराचं काय? ते मृगाच्या सरीत टिकलं असेल, पण त्याआधीचा वैशाख त्यानं काढला कसा? विदर्भातल्या मे महिन्यात मेणाची भिंत दुपारपर्यंतसुद्धा उभी राहायची नाही. हीच गोष्ट उन्हाळ्यात घडली असती, तर दाराशी उभं राहून हाका मारणारी चिमणी असती. आणि शेणाचं गारेगार घर कावळ्याचं. कुठल्या ऋतूत गोष्ट सुरू करायची, हे कुणी ठरवलं?

मेण येतं पोळ्यातून. सह्याद्रीच्या कड्यावरून दोराला लोंबकळत पोळं काढणारा माणूस संध्याकाळी परततो तो कुडाच्या घरात. म्हणजे चिमणीच्या भिंतीसुद्धा शेणाच्या घरातून आल्या. एवढं खोलात जायची गरज नाही, गोष्ट लहान मुलांची आहे, हे मला कळतं. तरी थांबता येत नाही. कारण हाच कावळा पुढे आपल्याला घाटावर भेटतो. दहाव्याला पिंड ठेवून मोठी माणसं हात जोडून उभी असतात, इच्छा काय राहिली म्हणून एकमेकांना विचारतात, त्याला नाही नाही ती आश्वासनं देतात. तेव्हा तो यावा म्हणून आपण ताटकळतो. जन्माच्या पहिल्या गोष्टीत ज्याला दाराशी उभं केलं, त्याच्याकडेच शेवटी आपलं काम अडतं. हे मुलांच्या पुस्तकात घालता येणार नाही, आणि घालूही नये.

कुडाचं म्हटलं की पालघर-डहाणूकडची वारल्यांची घरं डोळ्यांपुढे येतात. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यावर शेणामातीचा लेप, लेपावर गेरू आणि गेरूवर तांदळाच्या पिठाच्या रेषा. लग्नघरात बायका चौक लिहितात तो याच भिंतीवर. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कापडावर-कागदावर आणली, तेव्हा त्यांनी कापडालाही शेणाचा हात दिला. शेण नसेल तर ती पांढरी रेषा उठायची कशावर? म्हणजे आपल्या मुलखातल्या चित्रकलेचं एक मोठं दालन कावळ्याच्या घराच्या भिंतीवर आहे. चेन्नईच्या तारा बुक्सनं, १९९४ साली सुरू झालेल्या आणि आजही हातानं पुस्तकं छापणाऱ्या प्रकाशनानं, वारली चित्रकारांकडून ‘डू!’ नावाचं मुलांचं पुस्तक करून घेतलं. पानागणिक एकेक क्रियापद आणि त्या क्रियेत गुंतलेली माणसं, गुरं, पाखरं. तपकिरी कागद, पांढऱ्या रेषा. ते बघताना जाणवतं की त्यात कुणी कुणाच्या दाराशी उभं नाही. कुणाला आत घ्या असं कुणी म्हणत नाही. सगळे आपापल्या कामात आहेत आणि पान त्यांचंच आहे.

मग वाटतं, दार उघडावं का हा प्रश्नच चिमणीच्या घरात बसून विचारला जातोय. सर्वसमावेशक पुस्तकं हवीत असं आम्ही सगळे म्हणतो, मनापासून म्हणतो. पण त्या म्हणण्यात समावेश करून घेणारा कुणीतरी आधीच आत बसलेला असतो. हैदराबादच्या अन्वेषी या स्त्री-अभ्यास केंद्रानं २००८ मध्ये ‘डिफरंट टेल्स’ ही मुलांच्या पुस्तकांची मालिका तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजीत आणली. तिच्यात मोहम्मद खदीर बाबू यांची एक गोष्ट आहे, मुस्लिम घरातल्या मुंडीच्या रश्श्याची. बोकडाची मुंडी घरात येते आणि घर त्या शिजण्याच्या नादी लागतं. तिथे कुणाची कीव नाही, शेजारधर्माचा धडा नाही. भूक आहे, चव आहे, आईबाप आहेत. मराठीत असं पुस्तक शोधायला गेलं की मन खट्टू होतं. खट्टू अशासाठी, की ते बालपण मराठीत लिहिलं गेलं नाही असं नाही. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ १९८० चं. दोन्हींत मूल आहे, शाळा आहे, घरातलं रांधणं आहे. बाहेर उभ्या राहिलेल्या मुलाचं बालपण जितकं खरं मराठीत लिहिलं गेलं, तितकं फार थोड्या भाषांत लिहिलं गेलं असेल. पण ते सगळं मोठ्यांच्या कपाटात आहे. सहा वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन दाखवावं असं त्यातलं एक पान रंगीत चित्रांसह निघावं, तर तिथे येऊन सगळे अडखळतात.

का अडखळतात, तेही दिसतं. चार रंगांची छपाई महाग. चित्रकाराचं मानधन, प्लेटा, मशीन लावण्याचा खर्च हजार प्रतींवर वाटला गेला की प्रतीमागे जेवढा पडतो, त्याच्या कितीतरी कमी तो वीस हजारांवर पडतो. त्यातून दुकानदाराचं कमिशन सुटतं, टपालखर्च सुटतो. म्हणून अनेक भाषांत पुस्तकं काढणारे प्रकाशक एक युक्ती करतात. अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवायची. निळी, किरमिजी, पिवळी या तीन प्लेटा सगळ्या भाषांना त्याच, भाषेगणिक बदलते ती काळी प्लेट. चेन्नईचीच तूलिका १९९६ पासून मुलांची पुस्तकं काढते, मराठी धरून नऊ भाषांत. अशी पुस्तकं नसती तर मराठीतलं बालसाहित्याचं कपाट आणखी रिकामं दिसलं असतं. पण चित्र बदलत नाही. मराठी मजकुराशेजारी छप्पर तमिळनाडूचं असतं, साडी नेसण्याची तऱ्हा निराळी असते. मुलांना त्याचं काही वाटत नाही, असं मी कैकदा बघितलं आहे. मला वाटतं. मग मी स्वतःला विचारते, की मुलांना वाटत नाही ते मला का वाटावं?

दुसरीकडे बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले. एकच चित्र. ते राज्यभरातल्या वर्गांत गेलं, ज्या घरात दुसरं एकही पुस्तक नाही तिथेही गेलं. लहान प्रकाशकाची हजार पुस्तकं पुण्या-मुंबईच्या ठरावीक दुकानांत, पुस्तक प्रदर्शनांत, वाचनाची हौस असलेल्या शाळांत संपतात. घेणारे बहुतेक मेणाच्या घरातले. आपल्या मुलाला दुसऱ्याचं घर कळावं म्हणून ते विकत घेतात, हे चांगलंच आहे. पण मुंडीचा रस्सा पाठ्यपुस्तकात येणं अवघड आहे आणि हजार प्रतींच्या पुस्तकात तो येऊ शकतो. तेवढं बळ लहानपणातच असतं. पोचणं आणि म्हणणं यांतलं एक निवडा, असं कुणी म्हटलं तर मी काय निवडीन? काही दिवस एक वाटतं, काही दिवस दुसरं.

पुलाखालच्या वस्तीत एक वाचनाची खोली आहे. मी तिथे गोष्टी वाचते. चिऊ-काऊ वाचायला माझं मन धजत नव्हतं, कारण समोर बसलेल्यांपैकी अर्ध्यांची घरं पावसात गळतात आणि काहींची एकदा महापालिकेनं पाडलेली आहेत. तरी वाचली. कावळ्याचं घर वाहून गेलं, या ओळीवर मी थांबले. आठेक वर्षांची एक मुलगी जरा चिडूनच म्हणाली, “मग त्यानं ताडपत्री का नाय टाकली? पावसाच्या आधीच टाकायची असती ना.” बाकीच्यांनी लगेच तो विषय उचलला. निळी चांगली की काळी, दोरी कुठे बांधायची, वर टायर ठेवायचे की विटा. कावळ्याची कणव कुणालाच आली नाही. कुणी दुखावलंही नाही. चिमणीचा राग तर नाहीच आला. तिचं बाळ होतं, तिला काम होतं, एवढं त्यांना पटलं. त्यांच्यापैकी कितीजणी घरी धाकट्याला न्हाऊ घालून येतात!

मी ज्यांच्या वतीनं दुखावले होते, ते ताडपत्रीचा भाव सांगत होते. त्या दिवसापासून माझं सगळं म्हणणं डळमळलं आहे. मुलांना पुस्तकात आपलं घर दिसावं, ही माझी श्रद्धा आहे. ती सोडायला मी तयार नाही. पण आपलं घर म्हणून मी त्यांच्यापुढे काय ठेवणार होते? पडलेलं घर. त्यांना मात्र पावसाआधी बांधलेलं घर ठाऊक होतं.

याच मुलीला आवडतं माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’. ज्योत्स्ना प्रकाशनाची ही पुस्तकं मलाही फार आवडतात. आई, बाबा, आजी, आजोबा, त्यांच्या रोजच्या सवयी, आणि चित्रांत घरातली वस्तू न् वस्तू इतकी ओळखीची की हात लावावासा वाटतो. पण या मुलीच्या घरात आणि राधाच्या घरात काही म्हणजे काही सारखं नाही. तरी ती दर खेपेला तेच काढते. तिला त्यात आपलं घर दिसतं का दुसऱ्याचं, हेवा वाटतो का करमणूक होते, मला कळत नाही. मी तिला कनक शशी यांच्या गुठलीबद्दलही सांगितलं. सगळे ज्याला मुलगा म्हणतात आणि जी स्वतः म्हणते की मी मुलगी आहे, परी आहे, त्या गुठलीबद्दल. तिनं ऐकून घेतलं, म्हणाली, “मग होऊ दे ना परी.” आणि पुन्हा राधाकडे वळली. बोट चित्रावर ठेवून विचारलं, “यांची आजी कुठं झोपते?” मी पानं उलटून शोधायला लागले, तोवर तिचा पुढचा प्रश्न आला होता: “आणि गावाकडचे पावणे आले की मग?”