बराकीतली कबुली आणि माझी बातमी

मी म्हसळ्याहून एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. त्या काळात एका खुनाच्या खटल्यात मी जे लिहिले, त्याने एका निरपराध माणसाच्या घराचे नुकसान केले. नाव-गाव सांगत नाही, त्या घराने पुरेसे भोगले आहे.

जमिनीचा जुना वाद होता. मयताच्या चुलतभावाला अटक झाली आणि ‘त्यानेच केले’ असे सगळे म्हणू लागले, मीही त्यातलाच. पहिल्याच बातमीत मी लिहिले की मयत संध्याकाळी बाजार करून परतत होता, हातात सुकटीची पिशवी होती. जमलेल्या गर्दीतल्या कुणीतरी हे सांगितले होते. पंचनामा मी पाहिला नाही, मयताच्या घरीही विचारले नाही. प्रत्यक्षात मयत भजनाला गेला होता. प्रेताजवळ बॅटरी आणि पंच्यात गुंडाळलेले टाळ मिळाले होते, पिशवी नव्हतीच.

काही महिन्यांनी आरोपीच्याच बराकीतला एक कच्चा कैदी जबाब द्यायला पुढे आला. चोऱ्यांच्या गुन्ह्यांत तो आत होता, जामीन होत नव्हता. आरोपी रात्री आपल्याजवळ रडला आणि सगळे बोलून गेला, असे त्याचे म्हणणे. वार केल्यावर पिशवी हातातून सुटली, सुकट वाटेवर सांडली, हेही आरोपीनेच सांगितले म्हणाला. मला ते कळले आणि उरलीसुरली शंका मिटली. सुकटीसारखी बारीक गोष्ट कुणी उगाच कशाला सांगेल? ‘आरोपीची तुरुंगात कबुली’ असा मथळा देऊन मी बातमी पाठवली. ती सुकट माझ्याच बातमीतून बराकीत गेली होती, हे माझ्या मनातही आले नाही.

उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी माझ्या पहिल्या बातमीचे कात्रण त्या कैद्यापुढे धरले. कारागृहात वर्तमानपत्र येते का? येते. तुम्ही वाचता का? वाचतो. मग पंचनामा वाचला गेला, त्यात पिशवी नाही. मयताच्या बायकोने भजनाचे आधीच सांगितले होते. मी मागच्या बाकावर बसून टिपणे घेत होतो, तो हात थांबला. पुढे आरोपी निर्दोष सुटला.

आतल्या माणसाच्या शब्दाला मी इतके वजन का दिले, याचा नंतर पुष्कळ विचार केला. आमच्या भागाने 1993 पाहिले आहे. त्या जानेवारीत दिघीला उतरलेला चोरटा माल आमच्याच तालुक्यातल्या गोंडघर फाट्यावर अडवला गेला आणि पैशांची बोलणी होऊन सोडला गेला. पुढच्या महिन्यात शेखाडीला स्फोटके उतरली आणि 12 मार्चला मुंबईत 257 माणसे मेली. त्या स्फोटांच्या खटल्यात कटातल्याच माणसाने माफीचा साक्षीदार होऊन आतली हकीकत कोर्टात सांगितली. आतला माणूस बोलल्याशिवाय खरे बाहेर येत नाही, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्के बसले होते.

पण माफीचा साक्षीदार आणि बराकीतला सोबती यांत मी फरक केला नाही, ही माझी मोठी चूक. माफीचा साक्षीदार स्वतः गुन्ह्यात असतो. त्याला माफी कोर्ट देते, अटी सांगून देते, आणि ती कशाच्या बदल्यात मिळाली हे आरोपीलाही माहीत असते. तरीही निव्वळ त्याच्या शब्दावर भिस्त ठेवत नाहीत. गांधीहत्येच्या खटल्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार होता. न्यायाधीश आत्माचरण यांनी 10 फेब्रुवारी 1949 रोजी निकाल दिला. गोडसे-आपट्यांविरुद्ध इतर पुरावाही होता, त्यांना फाशीची शिक्षा झाली. सावरकरांविरुद्ध बडग्याच्या सांगण्याला स्वतंत्र दुजोरा नव्हता, ते निर्दोष सुटले. साक्षीदार एकच, पण त्याचे प्रत्येक म्हणणे वेगळे तपासले गेले.

बराकीतल्या सोबत्याचा सौदा कागदावर नसतो. जामिनाला विरोध होणार नाही, दुसऱ्या गुन्ह्यात नरमाई मिळेल, अशी नुसती आशाही त्याला पुरते. पोलिसाला दिलेली कबुली कायदा आरोपीविरुद्ध सिद्ध करू देत नाही. न्यायालयीन कोठडीतल्या सोबत्याला दिलेली कबुली मात्र पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. अशी न्यायालयाबाहेरची कबुली मुळातच कमकुवत पुरावा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या सहदेवन खटल्यात स्पष्ट केले. अमेरिकेत 1988 साली लॉस एंजेलिसच्या तुरुंगातल्या लेस्ली व्हाइट या कैद्याने तर अधिकाऱ्यांना प्रात्यक्षिकच दाखवले. न भेटलेल्या आरोपीच्या गुन्ह्याचा तपशील त्याने तोतया नावाने फोन करून मिळवला. त्या तपशिलावर कबुली रचणे एवढेच मग बाकी राहते.

सुटका झाल्यावर मी त्या घरी गेलो. दोन गुंठे विकले होते, थोरल्या मुलाची शाळा सुटली होती. आरोपीची आई पडवीत सुपारी सोलत बसली होती. तिने हातातले काम थांबवले नाही. म्हणाली, ‘‘भाऊ, लिवायच्या आधी एकदा येऊन इचारायचं तरी.’’ माझ्याकडे उत्तर नव्हते. सुटकेची बातमी मी पाठवली होती, ती आतल्या पानावर चार ओळींत आली. माझी पहिली बातमी चुकली होती, हे त्या चार ओळींत मी लिहिले नव्हते. तेही लिहायला हवे होते.

तपशील भरपूर आहे म्हणून गोष्ट खरी, असे आता मी मानत नाही. तो तपशील साक्षीदारापर्यंत दुसऱ्या वाटेने येऊ शकला असता का, हे आधी पाहतो. पेपरात काय छापून आले होते, याच्यावर किती गुन्हे आहेत, जबाबानंतर जामीन झाला का, याआधी कुणाविरुद्ध अशीच साक्ष दिली होती का, हे विचारतो. हे सगळे सरकार पक्षाने लेखी कोर्टापुढे आणि बचावापुढे ठेवावे, असा सक्तीचा नियम हवा. बराकीतून आलेल्या शब्दाला स्वतंत्र दुजोरा नसेल तर त्यावर कुणाला जन्मठेप होऊ नये. आणि तो दुजोरा मिळेपर्यंत वार्ताहराने ‘कबुली’ असा मथळा देऊ नये.