वडावरची वस्ती

जून २०२१. कोरोनाची दुसरी लाट नुकती ओसरत होती. चाकणची रात्रपाळी संपवून मोशीत घरी आलो, तर सोसायटीच्या ग्रुपवर बातमी फिरत होती: महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपा विषाणूच्या खुणा सापडल्या. नमुने मार्च २०२० चे, तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेची. खाली लगेच मेसेज: ‘मागच्या वडावरची वाघळं हाकला. फटाके लावू.’ अर्जावर तिसरी सही माझी होती.

मी घाबरलोच होतो. आदल्याच आठवड्यात माझ्या मुलीनं वडाशेजारच्या झाडाखालचं अर्धवट कुरतडलेलं जांभूळ तोंडात घातलं होतं.

त्या दिवशी झोप लागेना, म्हणून वाचत बसलो. १९९८ मध्ये मलेशियात वराहपालन केंद्रांजवळ फळबागा होत्या. वटवाघळांची उष्टी फळं डुकरांनी खाल्ली, डुकरांपासून माणसांना लागण झाली, शंभरावर माणसं गेली. बांगलादेशात वाट वेगळी: खजुराचा कच्चा रस. वटवाघूळ स्वतः मात्र सहसा आजारी पडत नाही. त्याचं शरीर आणि हे विषाणू पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी जुळवून घेत आलेत.

आणि ऑस्ट्रेलिया. तिथं निपाचा भाऊबंद हेंड्रा घोड्यांपर्यंत पोचतो. हिवाळ्यात फुलणारी झाडं तुटली, तशी भुकेली वटवाघळं वस्तीकडे आली आणि त्यांच्यातून विषाणूही जास्त बाहेर पडू लागला.

म्हणजे फटाके लावून आम्ही नेमकं काय करणार होतो? तो वड कुणाच्या तरी शेताच्या बांधावरचा. शेत गेलं, आमची बारा मजली इमारत आली, वड तेवढा उरला. तिथून उठवलेली वाघळं जाणार कुठे? पुढच्या सोसायटीच्या झाडावर, उपाशी.

मी सही मागे घेतली. मीटिंगमध्ये शेजारच्या काकांनी विचारलं, “पोरीला काही झालं असतं तर?” मला उत्तर देता आलं नाही. त्यांची भीती खोटी नव्हती, माझीही नव्हती. शेवटी एवढंच ठरलं: खाली पडलेली फळं रोज झाडायची, उष्टं फळ खायचं नाही, वाघळाला हात लावायचा नाही. वड राहिला.

आता संध्याकाळी मी कंपनीच्या बसची वाट बघत उभा असतो, तेव्हाच ती वडावरून उठतात. मुलगी गॅलरीतून मोजते. तिची मोजणी पूर्ण होत नाही, तेवढ्यात बस येते.